बाज्याच्या शेतातला बेंचमार्क

१

दगड चोरीला गेला म्हणून हादरलेलं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. तळोद्यात वीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवतो, माणसांनी काय काय हरवल्याचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतले, पण दगड? तुळशीबाई रडत नव्हती म्हणा. शुक्रवारी सकाळी येऊन स्टुलावर बसली ती बसलीच, पाण्याचा ग्लास पुढं केला तरी हात लावीना.

"लोटनभाऊ, दगड गेला," एवढंच म्हणाली.

"कोणता दगड?"

"कागदातला."

मग मात्र मी चालू मशीन बंद केलं.

तुळशीबाई खडकपाणीची. तळोद्याहून जीपनं दीड-दोन तास वर, सातपुड्यातला वीस-बावीस घरांचा पाडा. नवरा वारला, दोन मुली सासरी, आणि ही एकटी बाई शेत कसते. त्या शेताचा वनपट्टा, म्हणजे वनजमीन कसण्याचा हक्क, मिळावा म्हणून तिचा दावा चालू होता, त्याचे सगळे कागद माझ्याच दुकानात झाले. पट्टा हवा तर पिढीजात कसत असल्याचा पुरावा लागतो, आणि हिच्याकडे असा पुरावा होता की बस्स! तिचा सासरा बाज्या. एकोणसाठ साली डोंगरात मोजणीवाल्यांची छावणी पडली होती, तेव्हा तिथल्या साहेबानं बाज्याला इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी दिली. हा बाज्या बेंचमार्कच्या दोन्ही अंगांची शेतं कसतो आणि बेंचमार्कची राखण त्याच्याकडे सोपवली आहे. खाली सही, तारीख.

दोन वर्षांपूर्वी धर्मेंद्र नावाचा कंत्राटी कारकून पाहणीला गेला, शेताच्या कडेला बाण कोरलेला दगड पाहिला आणि फायलीत लिहून टाकलं, बेंचमार्क जागेवर आहे. येत्या सोमवारी वनहक्क समितीचे साहेब तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येणार होते.

"काल सगळा पाडा भोंगऱ्याच्या बाजाराला गेला," तुळशीबाई सांगायला लागली. होळीच्या आधीचा तो बाजार म्हणजे डोंगरातला सण, त्या दिवशी घरी कोण थांबतं! "सांजेला आलो. दगड नाही. नुसता खड्डा."

"मग सोमवारी?"

"दगड नाही तर पट्टा नाही. धर्मेंद्र बोलला."

मी दुकानाचं शटर खाली ओढलं. असल्या वेळी तळोद्यात एकच दार वाजवायचं असतं.

२

गजराबाई म्हणजे आमच्या इंग्रजीच्या बाई. एकतीस वर्षं शिकवलं, रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी बाजारातून जाताना पाट्यांवरच्या चुका दुकानदाराला ऐकवतात. माझ्या पाटीवरचा झेरॉक्स त्यांनी तीनदा सुधारून घेतला आहे. पंचायत समितीतला हरवलेला शिक्का असो की लग्नघरातून गेलेली पैठणी, बाई नुसत्या चौकशा करून छडा लावतात. पोलिसांना ते आवडत नाही, पण ते त्यांचं त्यांच्यापाशी!

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठी दोनदा वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"लोटन, बेंचमार्क म्हणजे काय?"

"दगड," मी म्हणालो.

"कोण म्हणालं?"

"फाइल म्हणते ना."

"आणि चौकातला क्लासवाला म्हणतो यशाचा बेंचमार्क. तोही दगडच का?"

बाईंसमोर मी आजही सहावी ब मध्ये असतो.

त्यांनी कपाटातून जाडजूड इंग्रजी कोश काढला. पानं उलटताना स्वतःवरच चिडल्या होत्या. "एवढी वर्षं हा शब्द शिकवला. मापदंड, आदर्श, असा अर्थ फळ्यावर लिहायचा आणि पुढं जायचं. तो मुळात आला कुठून ते एकदाही बघितलं नाही. लाज वाटते मला." मग त्यांचं बोट थांबलं. "हे बघ. मूळचा शब्द मोजणीदारांचा. उंची मोजताना करायची खूण. मापदंड वगैरे सगळं नंतरचं."

"म्हणजे दगडच की!"

"थांब. दोन शब्द जोडून एक झालाय. मार्क म्हणजे खूण, ते कळलं. पण बेंच? बाक? मोजणीदार डोंगरात बाक पाठीवर घेऊन चढतो का?"

तुळशीबाई दारात उभी राहून आमच्या तोंडाकडे बघत होती. तिची जमीन चालली होती आणि आम्ही बाकावर बोलत होतो. मला तिच्यासमोर लाजच वाटली.

बाईंच्याही ते लक्षात आलं असावं. कोश मिटून त्या म्हणाल्या, "तुळशीबाई, जमीन तुमची आहे, ती जाणार नाही. उद्या सकाळी आम्ही वर येतो." एवढं छातीठोक त्या कशाच्या जोरावर बोलल्या, देव जाणे. त्यांच्या हातात तेव्हा अर्धाच शब्द होता.

३

शनिवारी आम्ही मुद्दाम शिवाजीच्या जीपनं निघालो. मुद्दाम अशासाठी, की माझा संशय सरळ त्याच्यावर होता. तुळशीबाईचं शेत रस्त्याला लागून, आणि शिवाजीला तिथं हॉटेल टाकायचं होतं. दोनदा तिला विचारून झालं होतं, दोनदा तिनं हाकललं होतं.

"खरं सांग भो, दगड कोठे शे?" मी पहिल्याच वळणावर विचारलं.

शिवाजीनं असा ब्रेक दाबला की बाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

"मी दगड कसाले चोरसू? माले जागा पाहिजे व्हती, दगड नही! आनि त्या दिन मन्ही जीप बजारना फेऱ्या करी ऱ्हायनी व्हती. आख्ख्या पाडाले इचारा."

"ओरडू नको, गाडी चालव," बाई म्हणाल्या. "तुळशीबाईचा पट्टा बुडाला तर ती जागा तुला मिळेल का?"

शिवाजी विचारात पडला. "नही बाई. मंग ती सरकारनी. सरकार माले उभं बी करावं नही." मग हळूच म्हणाला, "तिले पट्टा भेटी गया तर एखाद दिन ती व्हय म्हनी."

माझा संशयित असा पहिल्या घाटातच गळाला. मला जरा वाईटच वाटलं.

खडकपाणीला पोचलो तर अंगणाअंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, सगळीकडं तो गोडसर वास. तुळशीबाईनं आम्हाला शेताच्या टोकाला नेलं. बाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि खड्ड्यात हात घातला. चार बोटं. त्याहून खोल नव्हताच.

"दगड केवढा होता?"

तुळशीबाईनं गुडघ्याशी हात नेला. एक गडी उचलून नेईल एवढा. खड्ड्याच्या एका बाजूला तिचं शेत, दुसऱ्या बाजूला सरळ नाला. बाईंनी चिठ्ठीची झेरॉक्स काढली, नाल्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं.

"पलीकडं कधी शेत होतं का?"

"नाल्यात कुठलं शेत?" तुळशीबाईला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा.

शेतातून परतताना मधोमध एक खडक लागला. जमिनीतूनच वर आलेला, कमरेएवढा उंच, अंगभर शेंदराचे थरावर थर. वाघदेव! खडकाच्या या अंगाला तुळशीबाईचं शेत, त्या अंगाला तिच्या दिराचं, वाहरूचं. खडकाच्या पायाशी पळसाच्या पानाचा द्रोण पडला होता, त्याला मोहाच्या दारूचा वास आणि मुंग्यांची रांग. शेजारी ज्वारीचे दाणे.

"पूजा झाली वाटतं?" बाईंनी विचारलं.

"पूजा पावसाच्या तोंडाला. वर्षाला एकदाच." तुळशीबाई द्रोणाकडे बघतच राहिली. "मी नाही ठेवला. आमच्यात बायका नाही ठेवत. घरातला थोरला पुरुष ठेवतो."

"बाकी पाड्यांवर वाघदेव शिवेवर असतो. तुमचा शेताच्या मधोमध कसा?"

"सासऱ्यानं बसवला. मी नवरी होऊन आले तेव्हा होताच."

तेवढ्यात वाहरू आला. पन्नाशी उलटलेला, उन्हानं रापलेला, सुरतेला बांधकामावर सात वर्षं काढून होळीपुरता घरी आलेला माणूस. त्यानंही त्याच्या शेताचा दावा टाकला होता, तो पुरावा नाही म्हणून फेटाळला गेला होता. आमच्याशी तो बेतानंच बोलला.

"गुरुवारी कुठं होतात?" बाईंनी विचारलं.

"बाजारात."

"काय आणलंत बाजारातून?"

"काही नाही."

एवढंच. बाईंनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, "चल, आता धर्मेंद्रला गाठू." जाताना मात्र त्यांनी तीनदा मागं वळून वाघदेवाकडे पाहिलं.

४

धर्मेंद्र आम्हाला चहाच्या टपरीवर सापडला. बाईंना बघून त्यानं बिस्कीट चहात बुडवलं ते तिथंच विरघळलं. तोही बाईंचा विद्यार्थी, आणि अभ्यास न केलेला विद्यार्थी बाई दुरून ओळखतात.

"तो दगड बेंचमार्कच आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यावर बाण होता, बाई."

"पाड्यात कुणाला विचारलंस?"

"नाही."

"चिठ्ठीत दोन्ही अंगांची शेतं लिहिलंय. त्या दगडाच्या एका अंगाला नाला आहे. ते तुला दिसलं?"

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. "नंतर दिसलं. रस्त्याचं काम झालं तेव्हाचे तसले बाणाचे दगड मी पुढच्या वळणांवरही पाहिले. पण फाइल वर गेली होती. चूक झाली म्हटलं तर माझी नोकरी... कंत्राटी माणूस आहे मी, बाई."

"म्हणून तू दगड पळवलास!" मी टेबलावर हात आपटला.

"अहो, मी कशाला पळवू? दगड जागेवर असता तर माझं लिहिलेलं खरं ठरलं असतं ना!"

तेही बरोबर होतं. हात मात्र माझा चांगलाच दुखावला.

घरी परतल्यावर बाईंनी पलंगाखालची ट्रंक ओढली. त्यांचे यजमान कालव्यावर ओव्हरसियर होते, त्यांची पुस्तकं त्यात होती. तासभर धूळ खाल्ल्यावर पाटबंधाऱ्याच्या मोजणीचं एक जुनं इंग्रजी पुस्तक निघालं. बाई वाचत होत्या, मी पंख्याखाली डुलक्या घेत होतो. एकदम त्या ओरडल्या, "सापडला! बाक सापडला!"

मी दचकून उठलो. पुस्तकात एक आकृती होती. खडकात छिन्नीनं एक आडवी खाच कोरलेली, खाली बाण. त्या खाचेत लोखंडी अँगल बसवलेला, आणि अँगलवर मोजणीची उभी पट्टी टेकवलेली.

"बघ. खाचेत अँगल सरकवला की पट्टी टेकवायला छोटा बाक तयार होतो. मोजणीदार उंची वाचतो, अँगल काढून पुढं जातो. मागं राहते ती बाकाची खूण, बेंचमार्क. काही वर्षांनी दुसरा मोजणीदार येईल, त्याचा बाक नेमका त्याच उंचीवर बसला पाहिजे. मग ही खूण तू कशावर कोरशील?"

"जे हलत नाही त्याच्यावर," मी म्हणालो.

"शाबास. जिवंत खडकावर, देवळाच्या जोत्यावर. चार बोटं रोवलेल्या दगडावर कुठला मोजणीदार खूण करेल?" बाईंनी पुस्तक मिटलं. "लोटन, दगड चोरीला गेलाय. बेंचमार्क चोरीला गेलेलाच नाही."

५

रविवारी सकाळी बाईंनी तुळशीबाई आणि वाहरू दोघांनाच शेतात बोलावलं. चौथा मी. पाड्यातल्या कुणाला कळू दिलं नाही.

"वाहरूभाऊ, दगड कुठं टाकला?" बाईंनी असं विचारलं, जणू वेळ विचारताहेत.

तुळशीबाईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"दगड नेऊन शिवाजीचं नुकसानच होतं," बाई सांगू लागल्या. "धर्मेंद्रचंही. आणि त्या दोघांपैकी कुणी वाघदेवाची माफी मागायला आलं नसतं. ज्यानं दगड उचलला त्यानं आधी नाहीतर नंतर इथं द्रोण ठेवला. वर्षाच्या पूजेला अजून अवकाश आहे. बायका ठेवत नाहीत, परक्याला कळत नाही. घरातला थोरला पुरुष ठेवतो. थोरला भाऊ गेल्यावर या घरात तो कोण? आणि भोंगऱ्याला जाऊन घरच्यांसाठी साखरेचा हार, डाळ्या, काहीच न आणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. तुम्ही बाजाराला गेलाच नाहीत."

मग वाहरू मटकन खाली बसला.

"नाल्याच्या डोहात टाकला," तो म्हणाला. "मीबी बाज्याचाच पोरगा. कागदावर बापाचं नाव, आणि पट्टा भावजयीला. मला बोलले, पुरावा नाही, जा. सात वर्षं परमुलखात सिमेंट वाहिलं. म्हटलं, मला नाही तर कुणालाच नको."

तुळशीबाईनं त्याच्याकडे पाठ फिरवली. ज्या दिरानं नवऱ्याच्या अंत्यविधीला लाकडं वाहिली, त्यानंच घात केला होता. खरं सांगतो, मला वाहरूची मान धरावीशी वाटली.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "तो दगड रस्त्यावाल्यांचा होता, त्याचं काही मोल नाही. मोजणीच्या साहेबानं तुमच्या बापाला सांगितलं, या खुणेला कुणी हात लावू देऊ नको. बापानं काय केलं असेल?"

दोघंही खडकाकडे बघायला लागले. आधी तुळशीबाईला उमगलं.

"ओ माय! देव केला," ती पुटपुटली. "देवाला कोण हात लावतो!"

"खूण या शेंदराखाली आहे. इथं उभं राहिलं की चिठ्ठी जुळते. दोन्ही अंगांची शेतं. एक या अंगाचं, एक त्या अंगाचं. वाहरूभाऊ, तुमच्या शेताचा पुरावा याच कागदात होता. धर्मेंद्रनं चुकीच्या दगडापाशी उभं राहून तो वाचला, म्हणून दिसला नाही."

वाहरूनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"पण उद्या शेंदूर उतरवल्याशिवाय साहेबांना खूण दिसणार नाही," बाई पुढं म्हणाल्या. "आणि तो उतरवायचा मान..."

"थोरल्या पुरुषाचा," तुळशीबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. पट्टा गेला तरी चालेल."

वाहरू उठला, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता डोंगराच्या वाटेला लागला. बाईंनी हाक मारली, त्यानं ऐकली नाही.

६

सोमवारी अकराला साहेब आले, सोबत धर्मेंद्र. वाहरूचा पत्ता नव्हता. तो रात्री घरी जेवायलाही आला नाही, असं त्याच्या बायकोनं सांगितलं.

साहेबांनी आधी खड्डा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग बाईंनी पुस्तक उघडून सगळं समजावलं. साहेब माणूस ऐकून घेणारा होता. "ठीक आहे बाई, पटतंय मला. पण मी पुस्तकावर सही करू शकत नाही. खूण दाखवा."

मी दुकानातल्या रॅकचा एक अँगल काढून आणला होता. तो घेऊन खडकाकडे गेलो, तर तुळशीबाईनं माझं मनगट असं पकडलं की मी जागीच थांबलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जमीन चालली हे तिला कळत होतं, तरी तिनं हात सोडला नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अजून दोन पाडे बाकी होते त्यांचे.

"आला," शिवाजी जीपमधून ओरडला. "वाहरू ई ऱ्हायना!"

वाहरू नाल्याच्या अंगानं येत होता. आंघोळ केलेली, केस ओले, हातात बांबूची तासलेली चिवाटी. थेट जाऊन वाघदेवापुढं गुडघे टेकले, त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी पुटपुटला, मग चिवाटी शेंदरात घातली. बोटभर जाडीची खपली निघाली. दुसरी निघाली. तिसरीबरोबर काळ्या खडकात सरळ आडवी खाच उघडी पडली आणि तिच्याखाली बाण.

मी अँगल वाहरूच्या हातात दिला. तो खाचेत सरकला तो थेट आत जाऊन टेकला. बाईंनी आपली पाण्याची बाटली त्यावर आडवी ठेवली. आतला बुडबुडा थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला आणि बरोबर मधे थांबला.

"वा!" साहेबांच्या तोंडून निघालंच. धर्मेंद्रनं स्वतःहून फाइल पुढं केली आणि म्हणाला, "सर, आधीची नोंद माझी चूक होती." मला त्याचं कौतुक वाटलं.

साहेब लिहायला लागले, मग मधेच थांबले. "पण फायलीतला तो दगड नेला कोणी? पुरावा गायब करणं साधी गोष्ट नाही. त्या माणसाचं नाव लिहावं लागेल."

नाव लिहिलं गेलं की वाहरूची जमीन गेली, आणि वर पोलीस. वाहरूनं मान वर केली, तोंड उघडलं.

"आम्ही काढला," तुळशीबाई म्हणाली.

"आम्ही म्हणजे?"

"घरच्यांनी. देवाच्या शेजारी खोटा दगड नको म्हणून. नाल्यात आहे, पाहिजे तर काढून देतो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, वाहरूकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाई डोंगराकडे बघत होत्या. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "बरं. घरच्यांनी. आणि दोन्ही अंगांची शेतं तुमचीच?"

तिनं नुसतं हो म्हटलं असतं तर दोन्ही तिच्या नावावर निघाली असती. मी तिच्याकडे बघत होतो.

"एक माझं," ती म्हणाली. "एक दिराचं. लिव्हा."

"त्यांचा दावा फेटाळलाय. फेरविचाराचा अर्ज द्यावा लागेल."

"देतो," मी म्हणालो. "आजच लिहितो."

साहेब जीपकडे निघाले. वाहरू मात्र खडकापाशी तसाच बसून होता, खांदे हलत होते त्याचे. भावजयीपुढं त्याला उभं राहता येत नव्हतं. तुळशीबाई त्याच्याजवळ गेली. मला वाटलं, आता ही बोलणार त्याला, आणि बोलायलाच हवं होतं.

"बसलास काय?" ती म्हणाली. "देव उघडा आहे. जा, शेंदूर आण."

वाहरू उठला आणि पोराच्या पायानं पाड्याकडे पळत सुटला.